तिसऱ्या पानावरची मागणी

प्रिय दोस्त,

तुझा निबंध दोनदा वाचला. गणित चोख आहे, मुद्दाम शोधूनही चूक सापडली नाही. पण तिसऱ्या पानावर माझी पेन्सिल अडली: ‘धान्याची मागणी घटली, म्हणजे गरज भागली असावी.’

मागणीची रेषा, म्हणजे कुठल्या भावाला किती माल विकत घेतला जाईल ते दाखवणारी रेषा, पुन्हा काढून बघ. तिच्यावर उभं राहायला आधी खिशात पैसे लागतात. ज्याच्याकडे दमडी नाही तो दोन दिवस उपाशी असला, तरी त्या रेषेवर कुठेच नाही.

१९४३चा बंगालचा दुष्काळ घे. वीस-तीस लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हिशेब मांडला, तेव्हा त्या वर्षीचा उपलब्ध तांदूळ १९४१पेक्षा कमी निघाला नाही. (या आकड्यांवर पुढे बरीच भांडणं झाली, तीही वाच.) युद्धखर्चाने भाव भडकले. कोलकात्यात ज्यांची कमाई वाढली ते तगले. खेड्यातल्या शेतमजुराची मजुरी भावांच्या मागे पडली. मासे विकून कोळ्याला पूर्वीइतका तांदूळ मिळेना. तुझ्या समीकरणात या कोळ्याची मागणी ‘घटली’ एवढंच दिसलं असतं.

राष्ट्रीय उत्पन्नाचंही तेच. ते मोजायची पद्धत बसवणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४मध्ये अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं, की या आकड्यावरून लोकांचं भलं ताडू नका. आपण नेमकं तेच करत बसलो.

मग गरज ठरवायची कुणी? तू विचारणारच, आणि विचारायलाच हवं. वरून कुणी ठरवू लागलं की मला धास्ती वाटते. सामाईक मालमत्ता लोक कशी सांभाळतात याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाचा दाखला दिलाय. तिथे १५१७चा नियम: हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसशील, तितक्याच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायच्या. नियम गावानेच केला, पाळला, आणि कुरण टिकलं. मला हे फार आवडतं. तरी खोड काढतोच: ज्याची वैरण थोडी, त्याच्या गाईही थोड्या. कुरण वाचलं म्हणजे गावातला सगळ्यात गरीब घरधनी वाचला असं नाही. तो इथेही तुझ्या कोळ्याच्याच शेजारी उभा आहे.

गणिताला हात लावू नकोस. तिसरं पान तेवढं नव्याने लिहून पाठव.

तुझा,
सर