सायप्रसचे दोन भाग, दक्षिणेतील ग्रीक आणि उत्तरेतील तुर्की, वाटाघाटींतून पुन्हा एक होण्याची शक्यता कितपत आहे?

नजीकच्या काळात एकत्रीकरण होण्याची शक्यता कमीच आहे; औपचारिक बोलणी पुन्हा सुरू होण्याची शक्यता मात्र बरीच आहे. खरा पेच सत्तावाटपापेक्षा सुरक्षेचा आहे. १९६० च्या हमी कराराने ग्रीस, तुर्कस्तान आणि ब्रिटन यांना हस्तक्षेपाचा हक्क दिला, आणि त्याचाच आधार सांगून १९७४ मध्ये उतरलेले तुर्की सैन्य आजही उत्तर भागात तळ ठोकून आहे. जुलै २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झालेली बोलणी फिसकटली तीही मुख्यतः सैन्य आणि हमी याच मुद्द्यांवर. दुसरे कारण २००४ च्या सार्वमतात आहे. संयुक्त राष्ट्रांनी एकत्रीकरणासाठी मांडलेल्या अन्नान योजनेला तुर्की सायप्रसवासीयांपैकी सुमारे ६५ टक्के मतदारांनी होकार दिला, तर ग्रीक बाजूच्या सुमारे ७६ टक्के मतदारांनी ती फेटाळली; तरीही आठवडाभरातच, १ मे रोजी, सायप्रस युरोपीय संघात दाखल झाला आणि संघाचे कायदे प्रत्यक्षात दक्षिणेतच लागू झाले. थोडक्यात, नकार देणाऱ्यांचे काही बिघडले नाही आणि होकार देणारे ताटकळत राहिले. अशा अनुभवानंतर तडजोडीची घाई कोण करील? एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी लागेल: ऑक्टोबर २०२५ मध्ये उत्तरेतील अध्यक्षपदाच्या निवडणुकीत दोन स्वतंत्र राज्यांचा आग्रह धरणारे एर्सिन तातार पराभूत होऊन संघराज्याच्या बाजूचे तुफान एर्हुर्मान निवडून आले, पण सैन्य मागे घेण्याचा निर्णय त्यांच्या नव्हे, तर अंकाराच्या, म्हणजे तुर्की सरकारच्या, हाती आहे.