‘सुपर्फ्लुअस’ म्हणजे ‘अतिरिक्त’ का?

‘सुपर्फ्लुअस’ या इंग्रजी विशेषणाला शब्दकोशात ‘अतिरिक्त’ असा प्रतिशब्द मिळाला, तो सगळीकडे चालेल का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बहुतेक ठिकाणी तो दिशाभूल करील. अतिरिक्त जिल्हाधिकारी इंग्रजीत ‘अ‍ॅडिशनल’ असतात आणि पटसंख्या घटल्यामुळे अतिरिक्त ठरलेले शिक्षक ‘सरप्लस’. यांपैकी कोणालाही ‘सुपर्फ्लुअस’ म्हटले, तर ‘तुम्ही नसलात तरी आमचे काही अडत नाही’ असे तोंडावर सांगितल्यासारखे होईल.

काढून टाकले तरी काही अडत नाही, हेच या शब्दाचे मर्म आहे. लॅटिनमधील ‘सुपर’ म्हणजे वरून आणि ‘फ्लुएरे’ म्हणजे वाहणे; भांडे भरल्यावर जे काठावरून वाहून जाते, ते सुपर्फ्लुअस. आपले ‘उतू जाणे’ याच्या अगदी शेजारचे आहे, मात्र रथसप्तमीला आपण अंगणात दूध मुद्दाम उतू जाऊ देतो आणि त्यात भरभराट पाहतो, तसा शुभ भाव इंग्रजी शब्दात उरलेला नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच भाषेत आहे. ‘पिवळा पीतांबर’ किंवा ‘गाईचे गोमूत्र’ असे कोणी लिहिले, तर त्यातले ‘पिवळा’ आणि ‘गाईचे’ हे शब्द सुपर्फ्लुअस होत, कारण पीतांबर म्हणजेच पिवळे वस्त्र. मुद्रिते तपासताना मी संशयित शब्दावर बोट ठेवून वाक्य पुन्हा वाचतो. अर्थ जसाच्या तसा राहिला, की त्या शब्दावर काट मारतो. (लेखक रागावतात, हा भाग निराळा.)

अतिवृष्टीसाठी मात्र हे विशेषण वापरू नये. तेथे प्रमाण ओलांडल्याने नुकसान होते, म्हणून ‘एक्सेसिव्ह’ योग्य. अवाच्या सवा किमतीसाठी ‘एक्झॉर्बिटंट’ आहे. उलट, इंग्रजी लेखक ‘हे सांगणे सुपर्फ्लुअस ठरेल’ अशा धर्तीवर लिहितो, तेव्हा मराठीत ‘सांगणे न लगे’ इतके पुरते. एरवी ‘अनावश्यक’ किंवा, बोलीच्या जवळ जायचे असेल तर, ‘फाजील’ हे शब्द मला जास्त चपखल वाटतात.

उच्चार करताना ‘सुपरमार्केट’च्या सवयीने आपण ‘सु’वर जोर देतो, खरा आघात ‘पर्’वर आहे.