मोजलंस का? लिहिलंस का?

अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं. कोर्सचं दुसरं वर्ष, संध्याकाळी गॅरेजात ऑइल बदलायचं काम, रेसिंग टीमना पाठवलेल्या अर्जांना उत्तर नाही, आणि शिक्षण सोडून पूर्णवेळ कामाला लागावं का, असं विचारतेस. सोडू नकोस. यावर जास्त लिहीत नाही, कारण तुझी अडचण तिथे नाहीच.

अडचण तुझ्या अर्जात आहे. 'गाड्यांची प्रचंड आवड' हे त्यात तीन वेळा आलंय, आकडा एकही नाही. टीमच्या मुख्य मेकॅनिककडे आवड असलेली मुलं सतत येत असतात. त्याला हवा असतो तो माणूस, ज्याने आवळलेला नट पुन्हा तपासावा लागत नाही. हा भरवसा बोलून मिळत नाही. मोजायचं आणि लिहायचं. जे मोजलं नाहीस ते तुला माहीत नाही, आणि जे लिहिलं नाहीस ते मोजलंस असं कुणी का मानावं?

ऑइल बदलण्याला तू 'फालतू काम' म्हटलंयस. ते वाचून राग आला. निघालेलं ऑइल कधी नीट पाहिलंस का? पेट्रोलचा वास येतो का, रंग दुधाळ झालाय का, म्हणजे पाणी शिरलंय का? जुना फिल्टर फेकण्याआधी कापून उघड. हॅकसॉने नको, तिचाच कीस आत पडतो आणि तू इंजिनला दोष देत बसतेस. फिल्टर कापायचं हत्यार वेगळं मिळतं. आतला घड्यांचा कागद काढून पसर, दाबून ऑइल काढ, उजेडात धर. चमकणाऱ्या कणांवर चुंबक फिरव. चिकटले तर लोखंड किंवा पोलाद, नाही चिकटले तर ॲल्युमिनियम किंवा बेअरिंगचा धातू असू शकतो. रेसिंगच्या इंजिनांचे फिल्टर असेच उघडून पाहतात. मग फोटो, तारीख, किलोमीटर, काय दिसलं, हे वहीत. ड्रेन प्लगला, म्हणजे ऑइल काढायच्या बुचाला, नवा वॉशर आणि मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं तो आकडा, तोही वहीत. तू रोज करतेस ते हेच काम आहे, फक्त तू ते अर्धंच करतेस.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर आला की वाजणारा पाना, त्याबद्दल तू लिहिलंयस की 'हाताला अंदाज येतो'. नाही येत. बोल्ट आवळताना लावलेल्या जोराचा बहुतेक भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. बोल्ट ताणायला साधारण दहावा हिस्साच उरतो. म्हणून कोरड्या आट्यांसाठी दिलेला आकडा तेल लागलेल्या आट्यांना वापरलास तर रेंच बरोबर वाजते आणि बोल्ट मात्र जास्त ताणला जातो. आटे कोरडे हवेत की तेल लावलेले, हे मॅन्युअलमध्ये बघ आणि आकड्याशेजारी लिही. त्या रेंचने काही सैल करू नकोस. काम झालं की सेटिंग सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेव. वर्षातून एकदा किंवा ५००० वेळा आवळून झालं, जे आधी येईल तेव्हा, ती तपासून घे. चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळ, आणि शेवटचा टप्पा चाक जमिनीला टेकल्यावर. मग प्रत्येक नटावर रंगाची रेघ. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपास. यात वेळ जातो म्हणून लोक मला हेकट म्हणतात, म्हणोत. चाक निखळण्याच्या भीतीपुढे ती दोन मिनिटं मला कधीच जास्त वाटली नाहीत.

कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याची, नोंद तू अभिमानाने पाठवलीस: 'चारही सिलिंडर ठीक'. ठीक म्हणजे किती? इंजिन गरम होतं का, सगळे स्पार्क प्लग काढले होते का, थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, पूर्ण उघडा होता का, बॅटरी भरलेली होती का, इंधन आणि इग्निशन बंद केलं होतंस का, प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे दिलेस का? थ्रॉटल बंद असेल तर चांगलं इंजिनही कमी दाखवतं. एखादा सिलिंडर कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा घे. आकडा चढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, नाही चढला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा, म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचं हेड यांमधल्या सीलचा. शेजारशेजारचे दोन कमी असतील तर आधी हेड गॅस्केटवर संशय घे. कुठल्या परिस्थितीत घेतला हे नसेल तर त्या आकड्याची पुढच्या वेळी कशाशीच तुलना होत नाही.

आता रेसिंग. ट्रॅकवर नवख्याच्या वाट्याला टायर येतात, आणि तिथेच तुझी परीक्षा असते. हवा नेहमी त्याच गेजने माप, कारण दोन गेज क्वचितच एकसारखे बोलतात. तापमान १० अंश सेल्सिअसने चढलं की साध्या टायरमध्ये दाब साधारण १ ते दीड पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) वाढतो, म्हणून एक बाजू उन्हात उभी असेल तर तेही लिही. गाडी आत आली की लगेच दाब आणि तापमान घे, दर वेळी त्याच टायरपासून, त्याच क्रमाने. तापमानासाठी रबरात टोचायचं पायरोमीटर वापर. इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त पृष्ठभाग वाचतो आणि पृष्ठभाग झपाट्याने थंड होतो. आत, मध्ये, बाहेर, असे तीन आकडे. मध्य जास्त तापलं तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी, आतली कड फारच पुढे असेल तर निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या बाजूचा आतला झुकाव, जास्त. गरम टायरमधून हवा सोडलीस तर कुठल्या चाकातून किती सोडली, हे नाही लिहिलंस तर पुढचा सगळा दिवस तुझा दाबाचा तक्ता खोटं बोलेल.

ओळख कशी काढायची? ईमेल पुरे झाले. क्लबच्या शर्यतींना मार्शल, म्हणजे ट्रॅकवर सुरक्षा पाहणारा मदतनीस, म्हणून किंवा गाड्यांच्या तपासणीला मदतनीस म्हणून नाव दे. शर्यतीआधीच्या तासात कुणाला बोलायला जाऊ नकोस, तेव्हा कुणालाच ऐकू येत नसतं. सरावाच्या दिवशी जा, किंवा शेवटच्या शर्यतीनंतर, सामान आवरताना. हंगाम संपल्यावर छोट्या टीम गाडी पूर्ण खोलतात आणि हात कमी पडतात, तेव्हा तर जाच. छोटी टीमच आधी धर, कारण मोठ्या टीममध्ये गाडीचा एकच कोपरा, म्हणजे एक चाक आणि त्याच्या आसपासचे भाग, वर्षभर सांभाळावा लागू शकतो, छोटीत ब्रेकपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळ्याला हात लागतो. 'मला काहीही चालेल' म्हणू नकोस. 'कोर्समुळे शनिवार-रविवार पूर्ण आणि बुधवारी संध्याकाळी येऊ शकते, टायर, इंधन आणि धुण्याचं काम करेन' असं सांग. धुणंही मनापासून कर, तडे आणि गळती स्वच्छ भागावरच दिसतात. आणि वहीची दोन पानं पुढे कर.

तुझ्या संस्थेतून फॉर्म्युला स्टुडंटसारख्या, विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग गाडी बनवायच्या, स्पर्धेत जाता येत असेल तर जरूर जा. १९८१ साली अमेरिकेत फॉर्म्युला एसएई म्हणून हे सुरू झालं. त्यात पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनला सगळी हवा २० मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते, आणि एवढ्या हवेचं काय करायचं हे शोधताना खूप शिकायला मिळतं. पण टीममध्ये होते एवढं सांगून भागणार नाही. ब्रेकच्या नळ्या तू टाकल्यास का, दाब तू मोजलास का, हे विचारलं जाईल.

फुकट कामाबद्दल. ट्रॅकवर काही शनिवार-रविवार मदत करायला हरकत नाही, प्रवास आणि जेवण कोण देणार हे आधीच विचारून घे. पण तुझ्या कामाचं बिल गिऱ्हाइकाला लावणाऱ्या गॅरेजने तुला पैसे द्यायलाच हवेत. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायला कुणी सांगितलं तर स्टँड माग. नाही दिले तर त्या दिवशीच निघ. तिथे राहून शिकण्यासारखं काही नसतं.

नवा अर्ज अजून पाठवू नकोस. आधी त्याच इंजिनचं कॉम्प्रेशन पुन्हा घे आणि चारही आकडे परिस्थितीसकट मला पाठव. सोबत या आठवड्यात उघडलेल्या प्रत्येक फिल्टरचा फोटो.