होमच्या आधी 'टू' का नको?

प्रश्न: मी सातपूरला कंपनीत आहे, इंग्लिश मेल लिहावे लागतात. 'आय वेंट टू होम' लिहिलं तर साहेबांनी 'टू' खोडला. 'टू नाशिक' चालतं, मग होमने काय घोडं मारलंय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: साहेबांचं बरोबर आहे हो. इथे होम नाम नाही, क्रियाविशेषण आहे, म्हणजे आपलं 'घरी', आणि 'मी घरीला गेलो' असं आपण कधी म्हणतो का, नाही ना, मग तसंच हे. हिअर, देअर, अब्रॉड, अपस्टेअर्स यांनाही 'टू' नको. पण 'टू माय होम' लिहिलंत की ते नाम झालं, तिथे 'टू' हवाच. 'फ्रॉम' मात्र बिनधास्त लावा, 'फ्रॉम हिअर', 'फ्रॉम अब्रॉड', कारण 'इथून' मधला 'ऊन' हिअरमध्ये नसतोच.