आधी तोरणमाळ, मग अरुणाचल

भाऊ, पक्षी बघायला जायच्या ठिकाणांची तुझी यादी वाचली. पंधरा दिवसांत राजस्थानातलं भरतपूर, केरळातलं थट्टेकाड आणि अरुणाचलातलं ईगलनेस्ट? त्यातले सहा दिवस तर गाडीतच जातील! देशात पक्ष्यांच्या तेराशेच्या वर जाती आहेत, एका सुट्टीत उरकत नसतात त्या. एक हंगाम, एक प्रदेश, एवढंच धर.

थंडीत जातोयस तर भरतपूर घे. भुसावळहून आग्र्याला थेट गाडी आहे, पुढे तासा-दीड तासाचा रस्ता. पक्षी उद्यानात सायकलरिक्षा कर, चालवणाऱ्यांना पक्षी तोंडपाठ असतात. चार दिवस तिथेच काढ. ईगलनेस्ट एप्रिलसाठी ठेव. अरुणाचलला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायची सरकारी परवानगी, लागतं, ते आधीच काढून ठेव.

पण त्याआधी घरचं बघ ना, आपलं सातपुड्यातलं तोरणमाळ. 1884 नंतर कुणाला न सापडलेला रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं छोटं घुबड, 1997 साली पुन्हा दिसला तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात. लोक परदेशातून येतात त्याच्यासाठी, आणि आपण धुळ्यात बसून विमानाचे दर बघतो. सकाळी सागाच्या निष्पर्ण फांदीवर उन्हात बसलेला सापडेल. डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर मात्र ठळक असतात. शेपटी झटकन इकडून तिकडे हलवतो. त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज मोबाईलवर वाजवू नकोस, दुसरा कुणी पिंगळा आलाय समजून बिचारा हद्द राखायला धावत सुटतो.

दुर्बीण 8×42 पुरे, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी. माझी पहिली 20×50 होती, हातात नुसती थरथरायची.

डिसेंबरात भुसावळजवळच्या हतनूर धरणावर ये, बदकं ओळखायचा सराव तिथेच करू. भाकरी-ठेचा मी आणतो.