घरात ॲलर्जी आहे आणि मांजराचं पिल्लू आणायचंय?

ताई, सासूबाईंना ॲलर्जीच्या शिंका येतात, तरी मांजराचं पिल्लू आणावं का, असं विचारलंत. इच्छा सोडू नका, पण पिल्लू लगेच घरी आणूही नका.

आधी मिरजेत किंवा सांगलीत ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून सासूबाईंची तपासणी करून घ्या. मार्केट यार्डाजवळ राहता, तर शिंका हळदीच्या धुळीनेही येत असतील. दमा असेल तर डॉक्टर सांगतील तेच अंतिम.

मग ज्यांच्या घरी पिल्लं आहेत तिथे सासूबाईंना दोन-चार वेळा तासभर बसवा. एका भेटीवर ठरवू नका, त्रास कधीकधी काही तासांनी सुरू होतो. तिथं मोठं मांजर असेल तर फारच छान, कारण पिल्लू सोसलं म्हणजे वाढलेलं मांजर सोसेलच असं नाही.

मांजर नव्यानं पाळणारे लोक हमखास केसांना दोष देतात. पण ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनामुळे. त्यामुळे 'ॲलर्जी न होणारी जात' म्हणून महागडं पिल्लू कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. गल्लीतलं पिल्लूही तितकंच गोड असतं. फक्त आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका.

आणलंत तर:
- सासूबाईंची खोली पिल्लाला पहिल्या दिवसापासून बंद. नंतर सवय मोडणं फार जड जातं.
- झाडू नको, ओल्या फडक्यानं पुसा.
- पिल्लाच्या शी-शूचं मातीचं भांडं सासूबाईंनी नको, दुसऱ्या कुणीतरी साफ करावं.

नसबंदी, हवेचा फिल्टर, औषधं हे सगळं नंतर बघू. तपासणी झाली की कळवा, पुढचं सांगते.