छोट्या इंग्रजी शब्दांना घाबरू नकोस

हिंजवडीत नोकरी लागली, अभिनंदन! आता हे 'लागणं'च बघ. नोकरी लागते, भूक लागते, ठेच लागते, दारही लागतं. यातला एकही अर्थ तू पाठ केला नव्हतास. इंग्रजीतले गेट, सेट, रन अगदी असेच. १९८९ च्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशात सर्वांत मोठी नोंद 'सेट'ची होती, ४०० हून जास्त अर्थांची! म्हणून याद्या घोकू नकोस. मी त्यात वर्ष घालवलं.

सुरुवातीला एवढंच:

- एकच शब्द घे, 'गेट'. आठवडाभर कानावर पडलेलं अख्खं वाक्य वहीत लिही, सुटा अर्थ नको.
- पुढचा शब्द सोडू नकोस. 'गेट अप' म्हणजे उठणं, 'गेट अलाँग' म्हणजे एकमेकांशी पटणं, 'गेट ओव्हर' म्हणजे दुखण्यातून सावरणं.
- बोलीतले अर्थ आधी नुसते ऐक. 'सिक' म्हणजे आजारी, पण तरुण मुलं 'भारी' म्हणूनही वापरतात. 'फीलिंग डाउन' म्हणजे उदास. 'आय ॲम डाउन फॉर इट' म्हणजे 'मी तयार आहे'. साहेबांच्या मेलमध्ये हे नकोच.

ब्रिटिश-अमेरिकन फरक नंतर बघू. शनिवारी अप्पा बळवंत चौकात जा आणि भरपूर उदाहरणवाक्यं असलेला, शिकणाऱ्यांसाठीचा कोश घेऊन ये.